पुढच्या गुरुवारी स्लॅब, आणि वायरिंगचं काहीच ठरलेलं नाही (नागपूर, स्वतःचं घर)

नवघर
सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. बेसा भागात ३० बाय ५०च्या प्लॉटवर घर बांधणं चालू आहे. तळमजला आणि वर एक मजला. घरात आम्ही दोघं, आई-बाबा आणि दोन पोरं. तळमजल्याच्या स्लॅबची सेंट्रिंग लागली, सळई बांधून होत आली, पुढच्या गुरुवारी स्लॅब टाकायचा आहे.

काल इलेक्ट्रिशियन साइटवर येऊन गेला. दोन मिनिटं वर पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, पंख्याचे डबे टाकून देतो, चार पाइप सोडून देतो, बाकी प्लास्टरच्या वेळी पाहू." तेव्हा बरं वाटलं. रात्री झोप लागली नाही.

आर्किटेक्टनं लायटिंगचा नकाशा दिला आहे. त्यात छताला ५८ डाउनलाइट मोजले. कूलरचा पॉइंट मात्र एकही नाही. हे माझ्या नाही, बाबांच्या लक्षात आलं. नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे घर नागपुरातच बांधून राहिला ना?"

तर प्रश्न असे. गुरुवारच्या आत नेमकं काय ठरवायला पाहिजे? एक फेज घ्यावी की तीन? इन्व्हर्टर, सोलर, पुढेमागे इलेक्ट्रिक गाडी, यांची सोय आत्ताच करायची का? आणि ५८ दिवे जास्त होतात ना? कोणीतरी हो म्हणा.

तारवाला
सोमवार, रात्री ११.२५

भाऊ, आधी पाणी प्या. धंदा माझा हाच आहे, पंचवीस वर्षं झाली, परवानाधारक आहे.

स्लॅबमध्ये काय जाते आणि काय नाही हे वेगळं केलं की निम्मं ओझं उतरते. स्लॅबमध्ये फक्त छताचं सामान: पंख्याचे डबे, छताच्या दिव्यांचे डबे आणि तिथून भिंतीत उतरणारे पाइप. गीझर, एसी, बोर्ड हे सगळं भिंतीतलं. वीटकाम झाल्यावर झिरी मारून होते. तुमच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण पाइप कुठे उतरवायचा हे बोर्ड कुठे येणार त्यावर असते. बोर्ड कुठे, हे दार कोणत्या बाजूला उघडते आणि पलंग कुठे, त्यावर असते. म्हणजे "नंतर पाहू" म्हणता म्हणता ते गुरुवारीच ठरून जाते, फक्त तुम्हाला न विचारता.

दुसरं, ज्या खोलीत फॉल्स सीलिंग आहे तिथल्या डाउनलाइटची वायर सीलिंगच्या वरून फिरते, स्लॅबमधून नाही. म्हणून ५८ की १८, हे भांडण सहा महिने पुढे ढकला. पंख्याचा डबा मात्र हुकासकट स्लॅबमध्येच पाहिजे. पंखा पीओपीला टांगत नाहीत.

स्लॅबचे पाइप २५ एमएमचे घ्या, २० वर पैसे वाचवू नका. पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून जायला पाहिजे, सेंट्रिंगच्या पत्र्यावर लोळवलेला नको. पाच-सहा पाइप एकमेकांना चिकटवून नेले की तिथे काँक्रीट उतरत नाही. बीममधून जायचं असेल तर आरसीसीवाल्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. एल्बो (काटकोनी जोड) शक्यतो टाळा, पाइपला लांब वाक द्या, नाहीतर वायर ओढताना पोरं रडतात. तोंडं टेपनं बंद, डब्यात ओली वाळू नाहीतर कागद ठासून. स्लॅबच्या दिवशी इलेक्ट्रिशियनचा एक माणूस सकाळपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत साइटवर उभा पाहिजे. व्हायब्रेटर लागला, मजुराचा पाय पडला, की पाइप सटकते. नंतर छत फोडून शोधावं लागते.

सावजी_तर्री
मंगळवार, सकाळी ८.०५

कूलरचा पॉइंट नाही? त्या आर्किटेक्टला मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर उभं करा. २०२४ मध्ये तर आपल्याकडच्या एका यंत्रानं ५६ अंश दाखवले होते. हवामान खातं नंतर म्हणालं, सेन्सर बिघडला होता. हाव बे, त्या सेन्सरला पण कूलर लावून दिला नसेल कोणी.

अण्णा६२
मंगळवार, सकाळी ९.१५

वीज खात्यातून निवृत्त आहे. फेजचा प्रश्न अंदाजानं सोडवू नका, कागदावर बेरीज करा. तुमच्या घराची मी अंदाजे करून देतो.

दीड टनाचे तीन एसी धरले, प्रत्येकी १.६ किलोवॉट, झाले ४.८. दोन गीझर ४. इंडक्शन २. ओव्हन १.२. पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन २. एक हॉर्सपॉवरचा पंप पाऊण किलोवॉट. दिवे-पंखे १, फ्रिज पाव. एकूण १६. हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही. निम्मं धरलं तर ८ किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ३५ अँपिअर. एका फेजवर हे काठावर बसतं. उद्या गाडीचा चार्जर आला तर बसणार नाही. घरी बसवायचा मोठा चार्जर एकटाच ७ किलोवॉटच्या पुढे असतो.

म्हणून तीन फेज. स्थिर आकार एक फेजपेक्षा जास्त पडेल, तो मान्य करूनच घ्या. आणि दोन गोष्टी सांभाळा. एका खोलीत एकच फेज ठेवा. शेजारच्या दोन बोर्डांवर वेगळे फेज आले तर त्यांच्यामध्ये २३० नाही, ४०० व्होल्ट असतात. दुसरी जास्त महत्त्वाची. वादळात फांदी पडली आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटला, तर तीन फेजच्या घरात एखाद्या फेजवर व्होल्टेज ३००च्या वर चढतं. फ्रिज, टीव्ही, राउटर सगळं एका मिनिटात जातं. मृगाच्या आधीच्या वादळांत अशा तक्रारींनी आमचा फोन थांबत नसे. डीबीमध्ये, म्हणजे सगळ्या सर्किटांच्या मुख्य पेटीत, कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारं उपकरण बसवा, आणि व्होल्टेजचा क्षणिक झटका अडवणारं एसपीडी. एका एसीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

पऱ्हाटी
मंगळवार, दुपारी १.३०

माझं उत्तर लांबेल. वैतागू नका.

आम्ही मनीषनगरला घर बांधलं तेव्हा मी टाइल्सच्या दुकानात चौदा चकरा मारल्या. डीबीसमोर एकदाही उभी राहिले नाही. वाटायचं, ते त्यांचं काम आहे.

राहायला आलो आणि आठवडाभरात रोज संध्याकाळी पूर्ण घराची वीज जायला लागली. कधी हॉलचा पंखा लावला की, कधी पोरीच्या खोलीतला दिवा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं डीबी उघडली, करंट गळला की वीज तोडणाऱ्या आरसीसीबीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे आरसीसीबी लय नाजूक असते, आपल्याकडच्या लाइनवर चालत नाही." दोन वायरी काढल्या, दुसरीकडे जोडल्या. वीज जाणं थांबलं. मी त्याला चहा केला, वर पन्नास रुपये दिले.

एप्रिलमध्ये मागच्या खिडकीला लोखंडी कूलर लावला. एक दिवस मुलगी अनवाणी, ओल्या फरशीवर, कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती. "आई, कूलर चावतो," म्हणाली. चावतो! मी हसले. दुसऱ्या दिवशी मीच हात लावला आणि कोपरापर्यंत झणका बसला. कूलरच्या पंपाची वायर आतून सोलली होती आणि सगळा करंट पत्र्यात उतरला होता. तीन पिनचा प्लग होता, पण बोर्डातल्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. आणि जे यंत्र अशा वेळी वीज तोडतं, ते आमच्या डीबीत शोभेला बसलं होतं, कारण मी चहा पाजून ते बायपास करून घेतलं होतं.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याची बातमी पेपरात असते. मी ती वाचून पान उलटायची.

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. कूलरचा पॉइंट प्रत्येक खोलीत खिडकीच्या आतल्या बाजूला द्या, पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, बटण हाताशी. बाहेर कूलरसाठी नळही काढून ठेवा, बादल्या उचलून कंबर जाते. आणि त्या पॉइंटला अर्थिंग खरंच आहे का, हे समोर उभं राहून तपासून घ्या.

नवघर
मंगळवार, दुपारी २.१०

पऱ्हाटीताई, वाचून अंगावर काटा आला. पोरगी ठीक आहे ना?

एक कळलं नाही. आरसीसीबी उगाच का पडत होता? तेव्हा तर कूलरही नव्हता.

पऱ्हाटी
मंगळवार, दुपारी २.४०

ठीक आहे. आता अकरावीला आहे आणि घरात कोणालाही ओल्या हातानं बटण लावू देत नाही.

कारण नंतर दुसऱ्या माणसानं शोधून दिलं: इन्व्हर्टरचा न्यूट्रल. नीट समजावणं तारवाला भाऊंचं काम.

तारवाला
मंगळवार, रात्री १०.००

ताई, तुमच्या घरी जे झालं ते नागपुरातल्या शेकडो घरांत होऊन राहिलं आहे. सविस्तर सांगतो, कारण स्लॅबनंतर सगळ्यात जास्त पैसे याच चुकीत जातात.

आरसीसीबी एकच गोष्ट पाहते: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घेतात. तेवढा फरक पडायच्या आत ती तुटते, कारण तो फरक कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकते. आता इन्व्हर्टरवरच्या पंख्याचा फेज इन्व्हर्टरमधून आला, आणि न्यूट्रल मात्र बोर्डातल्या नेहमीच्या लाइनच्या न्यूट्रलला बांधून टाकला. गेला एका वाटेनं, आला दुसऱ्या वाटेनं. हिशोब जुळत नाही, आरसीसीबी पडते. ती खराब नसते, प्रामाणिक असते. मग कोणीतरी येते, प्रामाणिक यंत्र काढून टाकते आणि चहा पिऊन जाते. (ताई, राग मानू नका.)

उपाय सोपा आहे, पण वायर ओढायच्या आधीच करावा लागते. इन्व्हर्टरवर काय चालवायचं ते खोलीनुसार लिहा: एक पंखा, एक दिवा, राउटर, फ्रिज पाहिजे की नको. त्या सर्किटांना फेज पण वेगळा आणि न्यूट्रल पण वेगळा, डीबीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत, कुठेही दुसऱ्या न्यूट्रलला न भेटता. इन्व्हर्टरच्या न्यूट्रलवर वेगळ्या रंगाची टेप गुंडाळायला लावा.

पूर्ण घराला एकच आरसीसीबी लावू नका. पावसाळ्यात गेटच्या दिव्यात पाणी गेलं की बेडरूमचा एसी बंद पडते. मजल्याप्रमाणे वेगळी घ्या, आणि कूलर, बाथरूम, बाहेरचे पॉइंट यांना आरसीबीओ द्या. आरसीसीबी जास्त लोडला तुटत नाही, ते एमसीबीचं काम. आरसीबीओ दोन्ही करते.

वायरचं पण एकदाच सांगून टाकतो. आकडे चौरस मिलिमीटरचे. दिव्या-पंख्याला दीडची, त्यावर ६ किंवा १०चा एमसीबी. पॉवर प्लगला अडीचची, १६चा एमसीबी. एसी आणि गीझरला प्रत्येकी वेगळी लाइन, चारची. गाडीच्या पॉइंटला किमान सहाची. तांब्याचीच, आणि अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक पाइपात. दिव्या-पंख्याच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट, आणि पॉवरच्या सर्किटवर दोन प्लग, हे वायरिंगच्या भारतीय मानकांत लिहिलेलं आहे. वायरीला जोड फक्त डब्यात, पाइपात कधीच नाही.

अण्णा६२
बुधवार, सकाळी ७.५०

तारवाल्यांशी पूर्ण सहमत. चारच्या वायरीबद्दल लोक म्हणतात की एसी तर सात-आठ अँपिअर घेतो, मग एवढी जाड कशाला? कारण वरच्या मजल्याचा स्लॅब. साध्या पीव्हीसी वायरीतलं तांबं ७० अंशांपर्यंत तापलेलं चालतं. तक्त्यातली क्षमता भोवती ४० अंश धरून काढलेली असते. मे महिन्यात गच्चीखालच्या पाइपात ५० अंश सहज होतात. तेव्हा त्या वायरीची जवळपास पाचवा हिस्सा क्षमता गेलेली असते. वर एकाच पाइपात तीन सर्किट कोंबली तर आणखी जाते. पुण्याच्या हिशोबानं नागपूरचं वायरिंग करू नये. जमलं तर ८५ अंशांची एचआर वायर घ्या.

ओसरीवरचा_दिवा
बुधवार, सकाळी ११.२०

५८ दिवे जास्तच आहेत. घ्या, म्हटलं!

मी लायटिंगचं काम करते. नकाशात दर चार फुटांवर एक गोल काढणं सर्वात सोपं असतं. सगळ्यांना वाटतं, भरपूर उजेड झाला. प्रत्यक्षात उजेड डोक्यावर पडतो आणि तोंडावर सावली. तुमच्या आईला सुई ओवायची असेल तर छतातले बारा दिवे लावूनही सावली सुईवरच पडणार. एक साधा दिवा खांद्याच्या मागून आला की काम झालं.

दिवे वॉटनं नाही, ल्युमेननं मोजा. ल्युमेन म्हणजे दिव्याचा एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा. १२ बाय १४ची खोली म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. बसण्या-उठण्यापुरता दीडशे लक्स उजेड धरला तर साधारण २,३५० ल्युमेन खाली पोचायला पाहिजेत. भिंती, धूळ, काच यांत बरंच वाया जातं, म्हणून साडेतीन-चार हजार लावा. म्हणजे २० वॉटच्या चांगल्या दोन ट्यूब. बस. वाचायला तीनशे लक्सच्या आसपास लागतात, पण ते पुस्तकापाशी, पूर्ण खोलीत नाही.

हमखास होणाऱ्या चुका सांगते. पंख्याच्या पात्यांच्या वर डाउनलाइट आला की खोलीभर सावल्या भिरभिरतात आणि डोकं दुखतं. पंख्याच्या घेराबाहेरच दिवे ठेवा. तुमच्या पंख्याचा डबा गुरुवारी पक्का होतोय, म्हणून हे आत्ताच कागदावर मांडा. स्वयंपाकघरात छताच्या मध्ये दिवा लावला की उभं राहणारीची सावली ओट्यावर पडते. वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी द्या, तिचा पॉइंट लादी बसायच्या आधी काढावा लागतो. आरशाला दोन्ही बाजूंनी दिवा, वरून नको. जिन्याला दोन्ही टोकांना टू-वे (एकच दिवा दोन जागांवरून लावता-विझवता येतो), पलंगाच्या दोन्ही बाजूंना टू-वे. आई-बाबांच्या खोलीतून बाथरूमपर्यंत फरशीपासून फूटभर वर लहान पायदिवे. रात्री तीन वाजता ट्यूब लावली की झोप मोडते आणि नाही लावली की पाय घसरतो.

रंग: ३,००० केल्विन पिवळसर झोपण्याच्या खोल्यांना, ४,००० ओट्याला आणि अभ्यासाला. ६,५०० मी दवाखान्यातच लावते.

अण्णा६२
बुधवार, दुपारी १२.०५

आम्हाला पांढराच उजेड लागतो. पिवळ्यात पेपर वाचता येत नाही. घर म्हणजे हॉटेल नव्हे.

ओसरीवरचा_दिवा
बुधवार, दुपारी १२.३०

काका, पेपर न दिसण्याचं कारण पिवळा रंग नाही, उजेड कमी हे आहे. वय वाढलं की जास्त उजेड लागतो आणि डोळ्यावर येणारी झळ मात्र कमी सहन होते. म्हणून खुर्चीपाशी झाकलेला, वळवता येणारा दिवा. रंग ४,००० घ्या, आपली तडजोड! सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या जवळचा घेतला तर गोळ्यांचे रंगही ओळखू येतात.

सावजी_तर्री
बुधवार, दुपारी १२.४५

पहिला पाऊस पडल्यावर गेटवर पांढरा झगझगीत दिवा लावून पाहा. बम किडे येतात. आमच्याकडे एकदा तर्रीतच पडले. त्या दिवसापासून बाहेर पिवळा.

अण्णा६२
बुधवार, दुपारी १.१०

४,००० आणून पाहतो.

लिंबूटिंबू
बुधवार, संध्याकाळी ६.३०

नेटवर्कवाला बोलतोय. राउटर मीटरजवळ नाही, घराच्या मध्यावर. प्रत्येक मजल्याला, टीव्हीला आणि कॅमेऱ्याच्या जागांना कॅट-६ केबल, विजेच्या पाइपात नाही, वेगळ्या पाइपात. आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा जाड पाइप. सोलर आलं की त्यातून वायर उतरेल, नाहीतर नव्या रंगावरून पाइप लोंबतात.

सोलरमध्ये बहुतेकांना एक माहीत नसतं: साधं ऑनग्रिड (लाइनला जोडलेलं) सोलर वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. म्हणजे इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी लागतेच. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि ३ किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० अनुदान आहे. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, तोंड दक्षिणेला. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली तेवढी उत्तरेला ढकलता आली तर आत्ताच ढकला.

तारवाला
बुधवार, रात्री ९.४०

बॅटरीचा हिशोब जोडून देतो. १५० एएचची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास, हाती लागतात बाराशे-साडेबाराशे. साधे ७५ वॉटचे सहा पंखे आणि ६० वॉटचे दिवे लावले तर अडीच तास. तेच बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० वॉटचे पंखे घेतले तर पाच तास. बॅटरी एकच. ती जिन्याखाली कोंडू नका, हवा पाहिजे.

आता अर्थिंग. नवघर भाऊ, पायव्याच्या खड्ड्यात काय निघालं होतं? काळी माती की मुरूम?

नवघर
बुधवार, रात्री १०.१५

वर काळी माती, पाच-सहा फुटांखाली मुरूम.

तारवाला
बुधवार, रात्री १०.५०

मग नीट ऐका. काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती अर्थिंगच्या सळईला सोडते, रेझिस्टन्स चढते. नेमका कूलरचा महिना तो. अर्थिंगचा जीआय पाइप अडीच मीटरपेक्षा कमी नको, भोवती बेंटोनाइटचं मिश्रण भरा किंवा जुन्या पद्धतीनं मीठ-कोळसा, आणि वर पाणी टाकायला चेंबर ठेवा. खड्डा बाथरूमच्या नाहीतर बागेच्या जवळ घेतला तर ओल राहते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. सोलरचे वेगळे खड्डे आत्ताच आखून ठेवा.

काम संपल्यावर दोन मोजण्या समोर करून घ्या: अर्थ टेस्टरनं खड्ड्याचा रेझिस्टन्स, आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं वायरीचं इन्सुलेशन, किमान १ मेगओहम. आरसीसीबीचं "टी" बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण यंत्र चालते का एवढंच सांगते, अर्थिंग आहे का ते नाही सांगत.

आणि पैशाचं. मजुरी पॉइंट मोजून ठरते. "पॉइंट" म्हणजे काय हे कामाच्या आधी कागदावर लिहून घ्या. टू-वे एक पॉइंट की दोन? बोर्डातला प्लग धरायचा की नाही? एसीची लाइन पॉइंटमध्ये की मीटरच्या लांबीवर? माझे स्वतःचे जेवढे तंटे झाले ते सगळे याच शब्दावरून. शॉर्ट सर्किटपेक्षा पॉइंटच्या मोजणीत जास्त ठिणग्या उडतात.

नवघर
रविवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. आज काय केलं ते सांगतो.

सकाळी बायको आणि मी खडू आणि टेप घेऊन साइटवर गेलो. स्लॅबच्या सेंट्रिंगवर चढायच्या आधी खाली मुरमावर प्रत्येक खोलीत पलंग, कपाट, टीव्ही, दार उघडण्याचा घेर खरोखरच्या मापात आखला. एका खोलीत पंख्याचा डबा बरोबर कपाटाच्या डोक्यावर येत होता, कारण तो खोलीच्या मध्यावर होता आणि पलंग नव्हता. दोन डबे सरकवले. पोरांच्या खोलीचा बोर्ड दारामागे लपत होता, त्याचा पाइप दुसऱ्या भिंतीला उतरवला. कूलरचे चार पॉइंट खिडक्यांपाशी खुणावले. बाबांनी स्वतः उंची मोजून दिली.

इलेक्ट्रिशियन आधी नाराज झाला. "साहेब, मोबाइलवर वाचून घर होत नाही." मग पाइपांचे वाक दाखवले, इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचं विचारलं, तेव्हा थोडा गप्प झाला. म्हणाला, "वेगळा न्यूट्रल टाकतो ना, पण मग आधी कोणी सांगतच नाही." वायर जास्त लागेल त्याचे पैसे वेगळे ठरले. पॉइंटची व्याख्या दोघांनी मिळून वहीत लिहिली, सह्या केल्या. आर्किटेक्टकडून ५८चे २३ करून घेतले. ते थोडे रुसले आहेत.

पऱ्हाटी
रविवार, रात्री ९.५५

वीटकाम झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, प्रत्येक भिंतीचा फोटो मापाची टेप लावून काढा. पुढे देवघराला खिळा ठोकताना आठवण येईल. आमच्याकडे फोटो नव्हता. खिळा ठोकला, वायर तुटली.

नवघर
गुरुवार, रात्री ११.१०

स्लॅब झाला. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. इलेक्ट्रिशियननं त्याचा पोऱ्या दिवसभर वर ठेवला होता. दोन ठिकाणी पाइप निघाला, त्यानं लगेच बसवला.

पहिलं घमेलं पडायच्या आधी आई आली. नारळ फोडला, वर चढून सगळं पाहिलं आणि विचारलं, "मागच्या ओसरीत पंखा कुठे आहे?" आम्ही म्हटलं, ओसरीत कशाला, तिथे तर कोणी बसतच नाही. आई म्हणाली, "मी बसते. भाजी कुठे निवडते मी?"

चार दिवस खडूनं घर आखत होतो. आईचा पाट आखायचा राहिला होता. मिक्सर थांबवला, पोऱ्यानं धावत जाऊन डबा आणला, पंधरा मिनिटांत ओसरीचा पंखा बसला. कूलरचा नळही मागच्याच भिंतीला येतो आहे.

सावजी_तर्री
गुरुवार, रात्री ११.२०

वास्तूला बोलवा. रस्सा आमच्याकडून, पिवळ्या दिव्याखाली.